बाळंतिणीच्या खोलीतली विजेची शेगडी

मित्रांनो, तुम्ही माळ्यावर चढलात आणि कोपऱ्यात मला पाहिलंत, तर तुम्हांला वाटेल, ही तांब्याची परात कोणी अशी उभी करून ठेवली आहे? मी परात नाही. माझ्या पोटात मधोमध चिनी मातीचा एक सुळका आहे, त्याला बारीक तार गुंडाळलेली आहे आणि पुढे लोखंडी जाळी आहे. एके काळी ती तार लाल व्हायची आणि समोर बसलेल्या माणसाच्या अंगावर माझी ऊब पडायची. मी एक जुनी विजेची शेगडी आहे. माझी वायर उंदरांनी कुरतडली, तांबं काळं पडलं, त्याचं मला फारसं दुःख नाही. पण या घरात मी जे पाहिलं, ते कोणाला तरी सांगायचं राहून गेलं आहे.

माझा जन्म सातासमुद्रापार एका कारखान्यात झाला. गवतात गुंडाळून मला पेटीत घातलं, ती पेटी बोटीतून मुंबईला आली आणि मुंबईहून आगगाडीनं कोल्हापूरला. महाद्वार रस्त्यावर बाळासो नावाच्या माणसाचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. तिथल्या फळीवर मी कितीतरी महिने बसून होते. कोल्हापूरला थंडी अशी ती किती? लोक यायचे, दिव्याच्या शेजारी ही काय वस्तू आहे म्हणून वाकून बघायचे, हात शेकून घ्यायचे आणि हसायचे. "हिच्यावर भाकरी भाजती काय हो?" असं विचारायचे. बाळासो "न्हाय" म्हणाले की निघून जायचे. मला वाटू लागलं होतं की आपला जन्म फुकट जाणार.

मग त्रेपन्न सालचा पावसाळा आला. आषाढात असा पाऊस लागला की कोल्हापुरात कोणाचं धोतर वाळेना, कोणाचं लुगडं वाळेना. भिंतींना ओल आली. त्या दिवसांत एक उंच, सडपातळ गृहस्थ आपल्या आईला घेऊन दुकानात आले. त्यांचं नाव नेमगोंडा. शाहूपुरीत त्यांचं गुळाचं दुकान होतं आणि राहायला ते शुक्रवार पेठेत. त्यांच्या आईचं नाव राजमती. सगळी पेठ त्यांना राजमतीआक्का म्हणायची. नेमगोंडाची बायको त्रिशला दिवसांत होती, केव्हाही बाळंत होईल अशी. तिला शिरोळला माहेर होतं, पण तिथे आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. घरात एक लोखंडी कोळशाची शेगडी होती. ती बदलून काहीतरी नवं घ्यावं असं नेमगोंडाच्या मनात होतं.

बाळासोंनी आधी रॉकेलचा स्टोव्ह दाखवला. राजमतीआक्कांनी नाकाला पदर लावला. मग मला खाली काढलं आणि वायर जोडली. माझी तार लाल झाली. आक्का दोन पावलं मागे सरल्या.

"पावणं, हिच्यात जाळ कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"जाळ न्हाय आक्का, वीज हाय."

"जाळ न्हाय, मग ऊब कुठनं येती?"

"तारंतनं."

"आन् उबंबरोबर दुसरं काय काय येतं?"

मित्रांनो, राजमतीआक्का संशयी होत्या, हे पेठेत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दूध आलं की त्या नखावर थेंब धरून बघायच्या. कोणी हसून बोललं तरी 'ह्याला काय पायजे असंल?' म्हणायच्या. पण त्यांना हसू नका. ऐन तारुण्यात त्यांच्या कपाळाचं कुंकू गेलं होतं. दीर-भाऊबंदांनी गोड बोलून गुळाचं दुकान गिळायचा घाट घातला होता, आणि पदरात लहानगा नेमगोंडा घेऊन या बाईनं ते दुकान राखलं होतं. राखलं ते संशयाच्या जोरावरच. ज्या हत्यारानं आयुष्य तारलं, ते हत्यार माणूस खाली ठेवील कसं?

नेमगोंडा आईला अव्वा म्हणायचा. तो म्हणाला, "अव्वा, कोळशाच्या जाळात चिलटं पडत्यात, पाखरं पडत्यात. हिच्यात जाळच न्हाय. जीव मरायचा न्हाय."

हे मात्र आक्कांच्या मनाला पटलं. त्या जैन घरच्या, पाणीसुद्धा गाळून पिणाऱ्या. थोडा वेळ त्या माझ्याकडे डोळे बारीक करून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "घे. पर ती कवा लावायची आन् कवा न्हाय, ते मी ठरवीन."

अशी मी त्या घरी आले.

बाळंतिणीची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. एकच खिडकी, बोळाकडे उघडणारी. एक जाड फळ्यांचं दार, त्याला आतून आडवा सरकवायचा आडणा. कोपऱ्यात ती जुनी कोळशाची शेगडी होती, तीन पायांची, काळीकुट्ट. केरबा वायरमन येऊन भिंतीत माझ्यासाठी वेगळी जोडणी करून गेला. तो काम करत होता तोवर आक्का त्याच्या पाठीशी उभ्या राहून प्रत्येक खिळा बघत होत्या. आपल्याला कोणी विश्वासानं घरात घेतलेलं नाही, हे मला पहिल्या दिवशीच कळलं.

लवकरच त्रिशलेला मुलगी झाली. गोरी, डोक्यावर दाट जावळ, आवाज असा खणखणीत की बोळातून जाणारा माणूस थबकावा. नेमगोंडा मला लावायचा आणि त्या उबेत त्रिशला बाळाला पाजायची. दुपट्यांची ओल माझ्यासमोर निघायची. ते दिवस फार सुखाचे होते. सकाळ-संध्याकाळ विठाबाई यायच्या. बाळ-बाळंतिणीला तेल लावणं, न्हाऊ घालणं, ओव्याची धुरी देणं हे त्यांचं काम. त्यांचे हात रुंद आणि मऊ होते, आणि कमरेला कायम पान-तंबाखूची चंची खोचलेली असायची. बाळ त्यांच्या पायांवर पालथं पडलं की रडायचं थांबायचं.

आक्का मात्र खोलीत येत नसत. बाळंतिणीचा विटाळ होता, आणि त्यांना रोज बस्तीत देवदर्शनाला जायचं असे. म्हणून त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून आत बघायच्या, काय हवं-नको ते सांगायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. बघायच्या मात्र सगळं. त्या बघण्यामागे एक जुनी जखम होती. दोन वर्षांपूर्वी, ऐन पौषात, याच खोलीत त्रिशलेला पहिला मुलगा झाला होता. महिन्याच्या आतच तो झोपेत गेला. ना ताप, ना खोकला. कशानं गेला हे कोणालाच कळलं नव्हतं. 'कोणीतरी काहीतरी केलं,' एवढं एकच आक्कांच्या मनात घट्ट बसलं होतं. कोणी केलं, ते त्या शोधत होत्या.

मग एके दिवशी पंचगंगा पात्राबाहेर आली. शहरात वारा आणि पाऊस यांनी थैमान घातलं, तारा तुटल्या, आणि माझी तार बघता बघता विझली. नेमगोंडानं बटण दाबून पाहिलं, जोडणी हलवून पाहिली. वीजच नव्हती.

उंबऱ्यावरून आक्का म्हणाल्या, "म्हनलंच हुतं मी. परक्याच्या तारंवर घर चालत न्हाय. कोळसा घाला."

जुनी शेगडी भरली. वारा आत येऊ नये म्हणून खिडकीच्या फटीत गुळाच्या दुकानातलं किलतानाचं पोतं कोंबलं आणि दाराखाली चिंध्यांची वळकटी सारली. निखारे लाल झाले. धूर नव्हता, वास नव्हता. खोली छान उबदार झाली. मला बरं वाटलं, थोडा मत्सरही वाटला.

दुसऱ्या दिवसापासून खोलीतलं सगळं बदललं. त्रिशलेचं डोकं ठणकू लागलं. तिला मळमळायचं. उठून बसली की भिंत धरायची. आणि बाळ झोपून राहू लागलं. पाजायला घेतलं तरी ओठ हलवायचं नाही. त्याचा तो खणखणीत आवाज कुठे गेला कोणास ठाऊक.

उंबऱ्यावर उभ्या असलेल्या आक्कांनी एक गोष्ट हेरली. सकाळी विठाबाई दोघींना न्हाणीघरात घेऊन जायच्या तेव्हा बाळ किंचाळायचं, हातपाय झाडायचं. न्हाऊ-माखू घालून, ताजे निखारे भरून, दार लावून त्या गेल्या की दुपारपर्यंत बाळ मऊ पडायचं. सकाळीही तेच, संध्याकाळीही तेच. विठा येऊन गेली की पोर झोपते.

त्या काळी काही ठिकाणी रडक्या पोराला अफूची कणी चाटवायची चाल होती, मित्रांनो. आक्कांच्या डोक्यात तो शब्द शिरला आणि तिथेच घर करून बसला.

एके सकाळी विठाबाई बाळाला तेल लावत होत्या. आक्का उंबऱ्यावर आल्या आणि म्हणाल्या, "विठा, कमरंची चंची काढ."

"का वं आक्का?"

"काढ म्हनतो न्हवं!"

विठाबाईंनी तेलकट हातांनीच चंची सोडून पुढे सरकवली. आक्कांनी ती उंबऱ्यावर पालथी केली. पान, सुपारी, चुन्याची डबी, तंबाखू, आणि गडद रंगाच्या दोन-तीन कण्या.

"ही काय हाय?"

"कात हाय त्यो. पानात घालायचा."

"कात न्हाय, अफू हाय! पोर झोपवतीस आन् रिकामी हुतीस!"

विठाबाईंचे हात बाळाच्या पाठीवर तसेच थांबले. "आक्का, तीस वरसं झाली मला पोरं न्हाऊ घालून. जिभंवर ठिऊन बघा. कात हाय का अफू, कळंल की."

"मी का बघू? पोरास चाटवलीस तशी मला चाटवनार व्हय? चल, ऊठ! माझ्या घरातनं भाईर हो!"

आक्कांचा आवाज बोळात गेला, बोळातून रस्त्यावर गेला. 'नातीस अफू घातली, ह्या विठीनं अफू घातली!' शेजारपाजारच्या बायका दारांत आल्या. त्रिशला खाटेवरून क्षीण आवाजात "आत्याबाई, तसं न्हवं वो," म्हणत होती, पण तिच्याकडे कोणी बघितलं नाही. विठाबाईंनी बाळाला हळूच दुपट्यात गुंडाळून आईच्या कुशीत ठेवलं. चंची तिथेच टाकून त्या गेल्या. पुढं कानावर आलं की पेठेतल्या इतर घरांनीही त्यांना येऊ नको म्हणून सांगितलं. ज्या बाईनं अर्ध्या पेठेची पोरं पायांवर घेतली, तिच्याकडे बघून आता बायका आपली पोरं पदराआड घेऊ लागल्या होत्या.

पाणी ओसरलं, वीज परत आली. नेमगोंडानं मला लावायला घेतलं. आक्का ओरडल्या, "हात लावू नकोस! अफू तिनं घातली खरी, पर रगत आधी ह्या तव्यानं वाळवलं. पयल्यांदा हीच जळत हुती खोलीत."

मला त्याच खोलीतल्या कोनाड्यात ठेवून वरून एक पंचा टाकला. खोलीत कोळशाचीच शेगडी राहिली.

मित्रांनो, खरं सांगते, पंच्याखाली बसल्या बसल्या मलाच माझा संशय येऊ लागला. माझ्या तारेतून खरंच काही वाईट निघालं असेल का? आपल्या हातून काही घडलं नाही असं छातीठोक सांगायला आपल्याला स्वतःचं तरी सगळं कुठे ठाऊक असतं? सगळं घर एका तोंडानं बोलू लागलं की निर्जीव वस्तूचाही धीर सुटतो. मग त्या विठाबाईंचं काय झालं असेल!

विठाबाई गेल्या, मी विझले, तरी बाळ काही सुधारेना. नेमगोंडानं डॉक्टरांना बोलावलं. खोलीत अंधार म्हणून त्यांनी दोघींना पुढच्या सोप्यात आणायला सांगितलं. तिथे उजेड, वारा. ते हातपाय धुऊन तपासायला बसेपर्यंत त्रिशलेच्या तोंडावर थोडा तजेला आला आणि बाळानं चक्क डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, "अशक्तपणा आहे, ताकदीचं औषध देतो," आणि गेले.

आक्कांनी तेवढंच धरलं. चारचौघांत बरी, खोलीत गेली की आजारी! विठा तर आता नाही. मग खोलीत राहिलं कोण? एकटी सूनच. मागच्या खेपेलाही खोलीत हीच होती. आक्का हे कोणाला बोलल्या नाहीत. पण त्यांची उंबऱ्यावरची नजर आता बाळावरून उठून त्रिशलेवर बसली. ती नजर पंच्याच्या विणीतून मलाही दिसायची, आणि माझी तार गार असूनही आणखी गार व्हायची.

चतुर्दशी आली. आक्कांचा त्या दिवशी कडक उपास असे. अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. दुपारी जेवणं आटोपून नेमगोंडा दुकानावर गेला, आणि आक्कांनी कधी केलं नव्हतं ते केलं. हातात जपमाळ घेऊन त्या सोयराच्या खोलीत शिरल्या. त्या दिवशी त्यांनी बस्तीत जाणंही सोडलं. आत येऊन दाराला आडणा घातला, चिंध्यांची वळकटी पायानं नीट सारली, शेगडीत कोळसे घातले आणि शेगडीजवळच भिंतीला टेकून बसल्या.

त्रिशला खाटेवरून बघत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आत्याबाई, माज्यावर राखण ठेवाय बसलासा, न्हवं?"

आक्का खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. "व्हय," त्या म्हणाल्या.

"बसा. मी काय करतो, ते मलाबी एकदा कळू दे."

तिनं बाळाला जवळ घेतलं आणि डोळे मिटले. खोलीत फक्त माळेचे मणी सरकल्याचा आवाज येत होता. बाहेर पाऊस. आक्का डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. त्रिशलेनं बाळाला काही चाटवलं नाही, काही पाजलं नाही, हातसुद्धा हलवला नाही. तरी बाळ हळूहळू मऊ पडत चाललं होतं.

मग माळेचा आवाज अडखळला. एक मणी, मग बराच वेळ काही नाही, मग दोन मणी एकदम. आक्कांनी कपाळ दाबलं. पुन्हा माळ धरली. ती हातातून निसटून मांडीवर पडली आणि त्यांना ती उचलता येईना. "काय हुतंय ह्ये?" त्या पुटपुटल्या. कानशिलं घणासारखी ठोकत होती. पोटात ढवळत होतं. त्रिशला रोज जे जे सांगायची, तेच. अगदी तेच.

आणि तेव्हा त्या संशयी म्हातारीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती मोठ्यानं बोलली, जणू समोर कोणी आरोपी उभा आहे: "माज्या पोटात पान्याचा थेंब न्हाय. मला कुनी काय चाटवलं? मला कुनी अफू घातली?"

खोलीत तिघी होत्या, पंच्याखाली मी होते, आणि निखारे होते.

आक्का उठायला गेल्या आणि पाय दुमडून खाली पडल्या. "त्रिशला! ए पोरी, ऊठ!" त्रिशला हलली नाही. मग त्या रांगू लागल्या. साठी उलटलेली ती बाई, जिनं कधी कोणापुढे मान वाकवली नव्हती, शेणानं सारवलेल्या जमिनीवरून लेकरासारखी रांगत खिडकीपर्यंत गेली. गजाला धरून गुडघ्यांवर उठली. किलतानाचं पोतं ओलीनं फुगून घट्ट बसलं होतं. त्या नखांनी ओरबाडू लागल्या, दातांनी ओढू लागल्या. माझ्यात वीज असती आणि मला हात असते तर! अखेर पोतं सुटून आत पडलं, खिडकीची फळी उघडली आणि पावसाचा गार झोत सरळ आत आला. माझ्यावरचा पंचा उडून खाली पडला.

आक्कांनी खिडकीला तोंड लावून दोन-चार मोठे श्वास घेतले. मग दाराकडे गेल्या, सगळ्या अंगाचा जोर लावून आडणा काढला, आणि परत येऊन बाळ उचललं. सोयर नाही, विटाळ नाही, काही आठवलं नाही. सोप्यात जाऊन त्या बाळाचे तळवे चोळत बसल्या आणि आकांतानं शेजाऱ्यांना हाका मारू लागल्या. शेजारच्या बायकांनी धावत येऊन त्रिशलेला ओढून बाहेर आणलं.

मी रिकाम्या खोलीत कान देऊन होते. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग सोप्यातून आवाज आला. आधी मांजरासारखा, बारीक. मग मोठा. मग तोच जुना, खणखणीत. त्या रडण्याइतकं गोड मी आजवर काही ऐकलेलं नाही.

डॉक्टर परत आले. या वेळी ते आधी खोलीत आले. शेगडी पाहिली, दाराखालच्या चिंध्या पाहिल्या. त्यांचा चेहरा उतरला. नेमगोंडा आणि आक्का दारात होते. डॉक्टर म्हणाले, "चूक माझीही आहे. मी त्या दिवशी खोली बघायला हवी होती. बंद खोलीत कोळसा जळला की हवेत विष साठतं. त्याला वास नाही, रंग नाही. झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. लहान जिवाला तर वेळच लागत नाही."

आक्कांनी त्या चिंध्या पायानं दूर सारल्या. मग त्यांनी विचारलं, "मागल्या खेपंचं पोरगं... त्येबी झोपंतच गेलं. तवाबी खोली अशीच बंद हुती."

"आता सांगता येणार नाही, आजी," डॉक्टर हळूच म्हणाले.

"तुमास्नी येत नसंल. मला येतंय," आक्का म्हणाल्या. "कोळसा मीच घालाय सांगत हुतो."

त्रिशला मागे सोप्यात गोधडीवर पडून होती. तिनं सगळं ऐकलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि तिची पाठ हलू लागली. आक्का तिच्याजवळ गेल्या, बसल्या, पण हात लावायचा त्यांना धीर झाला नाही.

पुढची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली नाही. शेजारणींच्या तोंडून ऐकलेली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, उपासाचं पारणं करण्याआधी, आक्का घरात पडून राहिलेली विठाबाईंची चंची घेऊन गंगावेशीकडच्या बोळात गेल्या. विठाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्या उठल्या नाहीत.

"विठा, चुकलं माजं. अफू न्हवती, कोळसा हुता," आक्का म्हणाल्या.

"आक्का, मला सांगून काय उपेग? मला ठावंच हुतं," विठाबाई म्हणाल्या. "बोळाला सांगा. त्या दिशी जेवढा आवाज हुता, तेवढाच काढा."

पेठेत राजमतीआक्कांचा शब्द खाली पडत नसे, आणि त्यांनी तो कधी मागेही घेतला नव्हता. त्या परत येऊन भर पावसात आपल्या बोळाच्या मधोमध उभ्या राहिल्या. छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडल्या, "विठानं माज्या नातीस अफू घातली न्हाय! मी खोटा आळ घेतला! पोर कोळशानं मरत हुती, आन् कोळसा मी घालाय लावत हुतो!" दारं उघडली. बायका बाहेर आल्या. मग त्यांनी चंचीतल्या कण्यांतली एक कणी काढली आणि सगळ्यांसमोर जिभेवर ठेवली. कातच तो. आधी तुरट, मग गोडसर. त्या दिवशी त्यांचं पारणं त्या कातानं झालं.

तरी विठाबाई लगेच आल्या नाहीत. जखम बोललेल्या शब्दाची होती, ती बोललेल्या शब्दानं एका दिवसात भरत नाही. आजारपणामुळे लांबलेल्या बारशाच्या आदल्या दिवशी आल्या. आत येताना उंबऱ्यावर थांबून त्यांनी विचारलं, "खिडकी उगडी हाय न्हवं?" आणि मग पाय पसरून बसल्या. बाळाचं नाव अनंतमती ठेवलं.

त्रिशला मात्र सासूशी महिनोन्‌महिने कामापुरतंच बोलायची. आक्काही तक्रार करत नसत. थंडीतल्या एका संध्याकाळी मी लावलेली होते, खिडकी अर्धी उघडी होती. आक्का नेहमीप्रमाणे दाराशी घुटमळत होत्या. त्रिशलेनं मान वर केली, काही न बोलता बाळाला उचललं आणि त्यांच्या पदरात घातलं. आक्का माझ्यासमोर बसल्या. बाळाच्या जावळावरून हात फिरवत राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या उबेत गालांवरच वाळत होतं.

मी त्या घरात पुष्कळ वर्षं राबले. अनंतमतीचे फ्रॉक वाळवले, नेमगोंडाचे दुखरे गुडघे शेकले. केरबानं दोनदा माझी तार बदलली. कोणी पाहुणा आला की मला मुद्दाम लावून दाखवायचे. मग नवी, पांढरीशुभ्र, बटणाबटणांची शेगडी आली आणि मी माळ्यावर गेले. जग असंच चालतं. पण तुमच्या घरी अशी जुनी वस्तू असली तर तिची वायर तेवढी सांभाळा, ओल्या हातानं तिला शिवू नका. आणि काहीही झालं तरी बंद खोलीत कोळसा पेटवून झोपू नका.

राजमतीआक्का अखेरपर्यंत संशयीच राहिल्या. दुधाचा थेंब नखावर धरायचं त्यांनी सोडलं नाही. माझ्यावरही त्यांचा पुरता भरवसा कधी बसला नाही. येता-जाता मला हुंगून बघायच्या. पण पेठेत कुठंही बाळ जन्मल्याचं कळलं की आवतण असो-नसो, त्या काठी टेकत त्या घरी जायच्या. मुलगा की मुलगी, गोरं की सावळं, काही विचारायच्या नाहीत. सरळ बाळंतिणीच्या खोलीत शिरायच्या आणि आधी खिडकी उघडायच्या. घरची माणसं कुरकुरली, "आक्का, वारं लागंल की!" तर म्हणायच्या, "लागू दे."

मित्रांनो, घरात काही विपरीत घडलं आणि कोणाचं नाव तुमच्या जिभेवर आलं, तर क्षणभर थांबा. माणसाकडे बोट दाखवण्याआधी उठा, आणि आपल्या हातानं लावलेली खिडकी उघडून बघा.